बकरीवर संपणारी फिल्म

"अजून मागे घे," नवनाथ सर म्हणाले आणि त्यांनी चिवड्याची मूठ तोंडात टाकली.

तृप्तीने बटण दाबून धरलं. स्क्रीनवर फुलाबाईंच्या गालावरून ओघळलेलं पाणी उलटं वर चढलं, डोळ्यांत शिरलं आणि चेहरा कोरडा झाला. तिने बटण सोडलं आणि फुलाबाई पुन्हा रडायला लागल्या. सकाळपासूनची ही सातवी वेळ होती.

"इथे थांब. बघ, ओठ थरथरतोय. इथून म्युझिक आत घे. बासरी घे बासरी."

सरांच्या बोटांना कच्च्या कांद्याचा वास येत होता आणि त्याच बोटांनी ते स्क्रीनवर दाखवत होते. फुलाबाईंच्या कपाळावर तेलाचा ठसा उमटला. तृप्तीने तो ओढणीने पुसून काढला. समोर एक बाई आपल्या गेलेल्या मुलीबद्दल बोलत असताना माणूस चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाऊ शकतो, हे तिने चार वर्षांत अनेकदा पाहिलं होतं. 

"आणि ती बकरी काढून टाक," सर म्हणाले.

"सर, फिल्म त्यांची आहे. त्यांनी ती बकरीवर संपवलीये."

"शनिवारी मुंबईहून पैसे देणाऱ्या फाउंडेशनची माणसं येतायत. त्यांना बकरी दाखवू? लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. एवढा सोन्यासारखा शॉट मिळवलास आणि आता तूच नाटकं करतेस."

मिळवलास, हा शब्द अगदी बरोबर होता. 

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या वर नवनाथ सरांचं हे माध्यम केंद्र होतं. उन्हाळ्यात मुलांसाठी मातीच्या बाहुल्यांची फिल्म बनवायचं शिबिर, कॉलेजच्या पोरांसाठी ध्वनिमुद्रण, बायकांसाठी सहा आठवड्यांचा कॅमेरा वर्ग, आणि वर्षातून एकदा सगळ्यांच्या फिल्म दाखवायचा कार्यक्रम, 'आपला पडदा'. सुरुवातीला हे सगळं खरंच आपलं होतं. पहिल्या वर्षी नवनाथ सरांनी स्वतः स्टुलावर चढून भिंतीवर निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ज्याचा चेहरा, त्याला आधी दाखवा. त्याने नको म्हटलं, तर नको. रंग ओघळून 'नको'च्या खाली एक लांब रेघ आली होती. आता त्या भिंतीवर पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स लागला होता आणि फ्लेक्सवर सरांचा हसरा फोटो होता.

फुलाबाई बाजारात कोबी विकायच्या. वर्गाच्या पहिल्या दिवशी, इतर बायका कॅमेरा हातात घ्यायलाही बिचकत होत्या तेव्हा, फुलाबाईंनी तो एखादा गड्डा पारखावा तसा फिरवून फिरवून पाहिला होता.

"चालू हाय का बंद, ते कळायचं कसं?"

"ही बघा, भिंगाच्या वर बारीक लाल टिकली दिसते ना? तो दिवा लागला की चालू. विझला की बंद," तृप्तीने सांगितलं होतं. "हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. तुमच्यावर कुणी कॅमेरा धरला, तर आधी दिवा बघायचा. कुणी फसवायला नको."

कुणी फसवायला नको. हे तिचंच वाक्य होतं, आणि हल्ली ते आठवलं की तिला स्वतःच्या तोंडाची किळस यायची.

फुलाबाईंनी सहा मिनिटांची फिल्म केली होती. एका कोबीची गोष्ट. गाडीतून उतरलेला गड्डा, वरचा पाला काढणारे हात, घासाघीस करणारी गिऱ्हाइकं, दुपारी साचलेला सडका ढीग, त्यावरची चिलटं, आणि शेवटी तो ढीग खायला आलेली काळी बकरी. बकरी खाता खाता कॅमेऱ्यापाशी येते, भिंग चाटते, मग कॅमेऱ्याचा पट्टाच चघळायला लागते. चित्र वेडंवाकडं होतं आणि फुलाबाईंचा आवाज येतो, "ए सोड, सोड मेले, सरकारी हाय तो!" फिल्म संपते. केंद्र सरकारी नाही हे त्यांना तीनदा सांगूनही पटलं नव्हतं. वर्गातल्या बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या होत्या.

सरांनी ती फिल्म पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "या बाईची मुलगी गेली ना मध्ये? मग त्याच्यावर का नाही काही? तू जरा बोलती कर तिला."

आणि तृप्तीने तिला बोलती केली होती.

बाजार उठल्यावर फुलाबाई पोत्यावर बसल्या होत्या. तृप्ती समोर खोक्यावर बसली. कॅमेरा मांडीवर होता. कोबीबद्दल दोन-चार प्रश्न झाल्यावर ती म्हणाली होती, "झालं मावशी. बंद केलाय कॅमेरा. आता आपलं आपलं बोलू." तिने बटणावर बोट ठेवलं होतं, दाबलं मात्र नव्हतं. मग आवाज खाली आणून विचारलं होतं, "पायलची आठवण येते?"

फुलाबाईंनी मान वर केली. त्यांची नजर क्षणभर खाली मांडीकडे गेली, थोडी तिथेच थांबली. त्यांना लाज वाटली असेल, असं तृप्तीला तेव्हा वाटलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि बोलायला लागल्या.

"गड्ड्याच्या पोटातला कवळा पाला तिला लय आवडायचा. कच्चाच खायची. मी वरडायची, गड्डा फोडला की कोण घेतंय. दवाखान्यात बी तेच मागत व्हती. म्हणलं, उद्या आणते." त्या थांबल्या. बाजूने एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज पुरता विरेपर्यंत थांबल्या. "मी नव्हते तिथं, ताई. सगळ्यांना वाटतं मी व्हते. सकाळी माल यायचा व्हता, मी बाजारात आले. सिस्टरचा फोन आला तवा मी कोबी उतरवत व्हते. ह्यांची ड्यूटी व्हती, हे मागून आले. मी ह्यांना सांगितलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. पाणी पाजलं म्हणलं मी. दोन वर्षं झाली, हे सगळ्यांना तेच सांगत्यात. मायच्या मांडीवर गेली पोर. मांडीवर नाय गेली. एकटी गेली."

तिथेच ते अश्रू होते, आणि तिथेच सरांना बासरी हवी होती.

त्या दिवशी तृप्ती घरी जाऊन जेवली नव्हती. हे फुलाबाईंच्या नवऱ्याला, गोटीरामना, कळलं तर? सातपूरच्या कंपनीत वॉचमन असलेला तो अबोल माणूस पोरीच्या जाण्यानंतर आणखीच मिटून गेला होता. त्याला धरून ठेवणारं एक वाक्य उरलं होतं, आणि ते खोटं होतं. शनिवारी भर कार्यक्रमात, गल्लीतल्या शंभर लोकांसमोर, मोठ्या पडद्यावर, बासरीच्या साथीने ते त्याला कळणार होतं. फुलाबाई घरी कशा जाणार होत्या?

केंद्राच्या नियमाप्रमाणे फुलाबाईंना बोलावून हे आधी दाखवायला हवं होतं. तृप्तीने दोनदा फोन हातात घेतला. पण दाखवायचं म्हणजे सांगायचं, की मावशी, मी खोटं बोलले, कॅमेरा चालूच होता. दोन्ही वेळा तिने फोन ठेवून दिला.

"उद्यापर्यंत फायनल कर," सर उठत म्हणाले. खाली सांडलेला चिवडा त्यांनी चपलेने टेबलाखाली सारला.

शनिवारी दुपारी चारला, हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जात असताना, तृप्तीने एडिटिंग रूमचं दार आतून लावलं आणि पेन ड्राइव्हवर जुनी फिल्म टाकली. कोबीची, बकरीवर संपणारी. सरांची बासरीवाली फिल्म तिने बाजूला ठेवली. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. जाऊ दे म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला हात धुवून आल्यासारखं वाटलं.

पाच वाजता लोक यायला लागले. खालच्या गिरणीतून भिंतींत मुरलेला जुन्या पिठाचा वास, माणसांचा घाम आणि कोपऱ्यातल्या परातीतल्या गार समोशांचं तेल, असं सगळं एकत्र होऊन हॉलमध्ये कोंदलं होतं. मुंबईचे दोन पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. बाईंनी हातमागाची साडी नेसली होती आणि त्या दर दोन मिनिटांनी रुमाल नाकाशी नेत होत्या. सर त्यांच्या खुर्चीमागे वाकून उभे होते. इतकं वाकून, की त्यांच्या पाठीत उसण भरावी अशी तृप्तीने मनापासून इच्छा केली. दीपप्रज्वलनाची वात पंख्याने तीनदा विझली. मग पंखा बंद केला, सगळे उकडून निघाले आणि सरांनी वीस मिनिटं भाषण केलं. 'वंचितांचा आवाज' हे दोन शब्द त्यांनी अकरा वेळा वापरले. मागच्या रांगेतली पोरं बोटांवर मोजत होती, त्यामुळे आकडा पक्का होता.

फुलाबाई सहा वाजता आल्या. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, अंगाला साबणाचा वास. त्यांच्यामागे इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले गोटीराम, नवीन जावयासारखे अवघडून.

"रजा टाकायला लावली ह्यांना," फुलाबाई म्हणाल्या. "येतच नव्हते. म्हणलं, यावंच लागंल."

गोटीरामनी हात जोडले आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. फुलाबाई थोड्या मागे राहिल्या. त्यांनी तृप्तीचा दंड धरला.

"ताई, समदं हाय ना त्यात?"

तृप्तीला वाटलं, बकरीबद्दल विचारतायत. सर बकरी कापणार असल्याचं कुठूनतरी त्यांच्या कानावर आलं असेल.

"सगळं आहे मावशी. काळजी करू नका."

फुलाबाईंनी मोठा श्वास घेतला आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या.

आधी मुलांची मातीची फिल्म झाली. तिच्यातल्या वाघाची शेपटी मध्येच गळून पडली आणि पुढच्या दृश्यात परत आली, त्याला टाळ्या पडल्या. मग कॉलेजच्या पोरांची रिक्षावाल्यांवरची. शेवटी फुलाबाईंची. नाव आलं तेव्हा बाजारातल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. तृप्ती प्रोजेक्टरजवळ उभी होती. तिथून तिला दिसलं, की फुलाबाईंनी गोटीरामचं मनगट घट्ट धरलंय. त्या भेदरल्यात असं वाटून तिचा जीव कळवळला. तुम्हाला काही होणार नाही मावशी, असं ती मनातल्या मनात म्हणालीही. आपण केवढी मोठी गोष्ट टाळली, या विचाराने तिचा ऊर थोडा भरून आला होता.

कोबी उतरला, सोलला, विकला गेला, सडला. बकरी आली. तिने भिंग चाटलं तेव्हा हॉल खदखदून हसला. पट्टा चघळला तेव्हा लोक खुर्च्यांवर हात आपटायला लागले. "सरकारी हाय तो!" या वाक्याला छप्पर उडायचंच काय ते बाकी राहिलं. आणि त्या गदारोळात तृप्तीने गोटीरामना हसताना पाहिलं. आधी नुसते खांदे हलले, मग तोंड उघडलं, मग ते मोकळ्या हाताने डोळे पुसत पुढे वाकून हसत सुटले. मागची एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं ते बघ, गोटीरामदादा हसतोय."

दिवे लागले. सगळे उठले. फुलाबाई उठल्या नाहीत. त्या रिकाम्या पडद्याकडे बघत होत्या. गोटीरामचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

सर लोकांमधून वाट काढत तृप्तीपाशी आले. चेहरा जांभळा झाला होता.

"काय आहे हे? इमोशनल पार्ट कुठे गेला?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुंबईच्या बाई रुमाल बाजूला करून म्हणाल्या, "नवनाथजी, किती फ्रेश आहे हे! सगळीकडे आम्हाला नुसतं रडणं दाखवतात. तुम्ही हसू दाखवलंत."

सरांचा चेहरा बदलायला एवढासाही वेळ लागला नाही.

"मॅडम, आमचा आग्रहच असतो," ते म्हणाले. "दुःख विकायचं नाही. पहिल्या दिवसापासून आमचं हेच धोरण. बकरीवरच संपव, असं मी स्वतः सांगितलं हिला." आणि त्यांनी तृप्तीच्या खांद्यावर हात ठेवला. समोशाचं तेल तिच्या कुर्त्याला लागलं.

ती संडासात गेली आणि खांदा पाण्याने घासत राहिली. डाग गेला नाही, पसरला. नोकरी गेली असती तर बरं झालं असतं. निदान काहीतरी गेलं असतं.

बाहेर आली तेव्हा हॉल बराचसा रिकामा झाला होता. जमिनीवर कागदी बशा तुडवल्या गेल्या होत्या. दाराशी बाजारातली माणसं गोटीरामना घेरून उभी होती. ते बकरीची नक्कल करून दाखवत होते, हो, तेच, दोन बोटं डोक्यावर लावून. फुलाबाई एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या. तृप्ती हसत त्यांच्यापाशी गेली.

"मावशी, काय मस्त झाली! सगळ्यांना आवडली."

"ते कुठंय?" फुलाबाईंनी विचारलं.

"काय?"

"माझं बोलणं. पायलचं."

 ती शेजारच्या खुर्चीवर बसली. फ्लेक्सचा एक कोपरा सुटून लोंबत होता आणि त्यामागून निळा रंग दिसत होता.

"तुम्हाला कसं..."

"दिवा चालू व्हता की," फुलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर तृप्तीला सोपं गेलं असतं. "तुम्ही म्हणल्या बंद हाय. मी बघितलं, लाल टिकली तशीच. तुम्हीच शिकवलं ना, आधी दिवा बघायचा."

"मग तुम्ही बोललात कशाला?"

फुलाबाईंनी दाराकडे पाहिलं. गोटीराम आता चौथ्या माणसाला बकरी सांगत होते.

"ह्यांच्या तोंडावर नाय बोलता येत. दोन वर्षं रोज म्हणते, आज सांगते. भाकर वाढताना तोंडाशी येतं, परत गिळते. तवा म्हणलं, ह्या दिव्याला सांगावं. तो सांगंल. पडद्यावर आलं म्हंजी मला परत फिरता यायचं नाय. हे शेजारी बसलेले असत्याल, मी हात धरलेला असंल. म्हणून तर आणलं त्यांना. रजा टाकायला लावली."

 खोटं बोलून तृप्तीने ते घेतलं होतं आणि चांगलं वागायचं म्हणून ते कापलं होतं, आणि दोन्ही वेळा या बाईला विचारलं नव्हतं. सरांची किळस करत करत ती चार वर्षं जगली होती. ती किळस आता तिच्याच घशाशी आली होती आणि बाहेर टाकायला कुठे जागा नव्हती.

"आहे ते, मावशी," ती घाईने म्हणाली. "लॅपटॉपमध्ये आहे. पुसलेलं नाही. आत्ता लावते. आतल्या खोलीत तुम्ही दोघंच बसा, मी बाहेर थांबते. बासरीबिसरी काही नाही, नुसतं तुमचं बोलणं."

ती उठलीसुद्धा. फुलाबाईंनी तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं.

दारातून गोटीरामची हाक आली. "अगं ए सरकारी! चल की, पोरं फोटो काढायचा म्हणत्यात!" सगळे पुन्हा हसले. ते स्वतः सगळ्यात मोठ्याने हसले.

"दोन वर्षांनी हसला तो माणूस," फुलाबाई हळूच म्हणाल्या. "आता आज कसं दाखवू?"

त्यांनी पदर सारखा केला. गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. दाराकडे दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या.

"पुसू नका ते," त्या म्हणाल्या. "आन दाखवू बी नका कुणाला. काय करायचं असंल तर आधी मला विचारा."

मग तोंडावर हसू आणून त्या फोटोसाठी नवऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. फुलाबाईंनी आधी तो नीट न्याहाळला, आणि मगच समोर पाहिलं.